बिकलम कोण?

जुन्या मराठी कागदपत्रांच्या तळाशी एक लहानसा शब्द आढळतो: बिकलम. मोडी वाचणाऱ्यांना तो परिचित आहे. मराठी विषय घेऊन एम. ए. होणाऱ्या बहुतेकांची मात्र त्याच्याशी गाठ पडत नाही. अर्थ सरळ आहे, ‘अमक्याच्या लेखणीने’. खत लिहून देणाऱ्या कुणब्याला अक्षर येत नसे. तो आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी, कारागीर आपापल्या हत्याराची करी, पुढे अंगठा आला. ज्याने प्रत्यक्ष मजकूर लिहिला तो त्याच कागदावर ‘बिकलम’ म्हणून आपले नाव घाली. मजकूर स्वतःच्याच हातचा असेल तर ‘दस्तुरखुद्द’. कागद हातात घेताच तीन गोष्टी निराळ्या दिसत: व्यवहार कोणाचा, लेखणी कोणाची, साक्ष कोणाची.

आमचे प्रतिपादन असे की ज्याला आज ‘सुरक्षित डिजिटल व्यवहार’ म्हणतात त्याने या तीन गोष्टी एकीत कोंबल्या आहेत. लेखणी दुसऱ्याची असताना कागद ‘दस्तुरखुद्द’ म्हणून नोंदला जातो. ही खोटी नोंद आहे, ती रोज हजारो वेळा होते, आणि तिचे ओझे ज्याच्या नावावर पडते त्याला ती वाचताही येत नाही. शब्दांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्या आम्हा मंडळींनी या खोट्याबद्दल अवाक्षर काढू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

प्रसंग अगदी नेहमीचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मेहकरला, मोताळ्याला किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूरला, बसस्थानकाच्या आसपास एक झेरॉक्सचे दुकान असते आणि त्याच्या पाटीवर सेवा केंद्राचे नाव असते. सोयाबीन पेरून मोकळा झालेला शेतकरी सातबारा, पासबुक आणि आधार कार्डाची प्रत घेऊन तेथे उभा राहतो. चालक अर्ज भरतो. मग तो विचारतो, ‘काका, ओटीपी आला का?’ काकांच्या आधारला जोडलेला फोन पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. मुलाला फोन लावला जातो. सहा आकडे भरदुकानात मोठ्याने उच्चारले जातात, चालक ते टंकतो, आणि पडद्यावर उमटते की अर्जदाराने स्वतः संमती दिली आहे. पावतीवर काकांचे नाव असते. मुलाचे नसते, चालकाचेही नसते. चालकाच्या खणात एक रेघांची वही असते. तीत गावोगावच्या लोकांचे क्रमांक आणि पासवर्ड लिहिलेले असतात. ही वही चोराची नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ती हरवली तर अर्ध्या पंचक्रोशीचा सरकारशी असलेला संबंध तुटेल.

आता त्या सहा आकड्यांसोबत आलेला संदेश पाहा. तो सांगतो, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. ज्या नियमाचा भंग झाल्याखेरीज नियम करणाऱ्याचेच काम चालत नाही, त्याला नियम म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. उद्या काही विपरीत घडले तर ‘तुम्हांला सांगितले होते’ असे म्हणता यावे यासाठी लिहून ठेवलेले ते वाक्य आहे. आणि विपरीताची किंमत लहान नाही. आधारच्या ओटीपीवर केलेली ई-सही २०१५ पासून कायद्याने सही मानली जाते. दुकानात ओरडून सांगितलेले सहा आकडे म्हणजे काकांचा नांगर, काकांचा अंगठा आणि काकांचे दस्तुरखुद्द, सारे एकत्र.

सुरक्षित संदेशवहनाचे पंडित ज्याला ‘टोकापासून टोकापर्यंत’ म्हणतात ती कल्पना येथे तपासून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना अशी कुलुपे घातली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की कुलूप मोडायला लावाल तर आम्हांला हा देश सोडावा लागेल. वाद महत्त्वाचा आहे आणि त्यात आमची सहानुभूती कुलपाच्या बाजूने आहे. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: टोकाला एक माणूस असतो, त्याचा स्वतःचा एक फोन असतो, आणि तो फोनवरचे वाचू शकतो. आमच्या जिल्ह्यातील असंख्य घरांत टोकाला सासू, सून, शाळकरी नातू आणि दुकानदार असे चौघे असतात. वाटेतला दरवडेखोर अडला. पण शेवटच्या चार पावलांचे काय, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

येथवर आमच्याशी सहमत होणारे पुष्कळ वाचक आता एका हळव्या वाटेने निघतील, आणि त्यांना तेथेच थांबवणे आम्हांला अगत्याचे वाटते. मराठीच्या प्राध्यापकांना अलीकडे पोस्टमनच्या आठवणीने गहिवरून येते. आंधळ्या आजीला मुलाचे पत्र वाचून दाखवणारा, वाईट बातमी सावकाश सांगणारा, खाकी पोशाखातला तो देवमाणूस. जुना मध्यस्थ माणूस होता, नवा मध्यस्थ यंत्र आहे, म्हणून जुने ते चांगले, असा हा युक्तिवाद. तो आम्हांला मान्य नाही. लिहिता येणाऱ्या माणसाने न येणाऱ्याच्या वतीने लिहिणे ही महाराष्ट्रात फार काळ लुटीची रीत होती. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वर्गात शिकवताना आपण त्यातील शेतीच्या दुरवस्थेवर बोलतो, जातिव्यवस्थेवर बोलतो. पण त्या ग्रंथाचा एक धागा लेखणीचा आहे याकडे फारसे लक्ष देत नाही. कुलकर्णी, कारकून, वकील, सावकार ही सारी शेतकऱ्याच्या वतीने लिहिणारी मंडळी आहेत, आणि फुल्यांचा संताप या ‘वतीने’वर आहे. १८७५ साली सुपे येथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून काढून जाळली ती खते. आपल्या नावाने दुसऱ्याने लिहिलेला कागद काय करू शकतो, हे त्यांना पुरते उमगले होते.

त्या दंग्यांनंतर जे घडले ते आजच्या वादाला थेट लागू पडते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगावी निबंधक नेमण्याची तरतूद केली. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त या निबंधकाने लिहावा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याने तो साक्षांकित करावा, नाहीतर तो ग्राह्य नाही, असे ठरले. म्हणजे सरकारला दोन वाटा होत्या. शेतकऱ्याला अक्षर येत नाही ही वस्तुस्थिती नाकारायची, किंवा मध्यस्थ अटळ आहे हे मान्य करून त्याला नाव, पद आणि दायित्व द्यायचे. त्या काळच्या परक्या सरकारने, दंग्याच्या धाकाने का होईना, दुसरी वाट घेतली. कायदा मुंबई इलाख्याच्या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला निराळा मुलूख असल्याने बुलढाण्याला त्याचा लाभ झाला नाही. त्या कायद्याने सावकारी संपली असेही कोणी म्हणणार नाही. तरीही त्यातील प्रामाणिकपणा आजच्या व्यवस्थेत नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

आजचे शासन पहिल्या वाटेवर आहे. मध्यस्थ हटवला, नागरिक थेट जोडला गेला, असा त्याचा दावा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. तलाठ्याने घरबसल्या पिकांची नोंद करावी हा जुना रोग खराच होता. उपाय असा की शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून फोनमधून पिकाचे छायाचित्र घ्यावे. कल्पना उत्तम. मात्र ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याची नोंद शेजाऱ्याच्या फोनवरून होऊ लागली, एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय अ‍ॅपमध्येच होती, आणि पुढे शासनाला गावपातळीवर सहायक नेमावे लागले. मध्यस्थ पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने परतला. तलाठी निदान सहीने बांधलेला होता. शेजाऱ्याचे तर नावही कोठे नाही.

दुसरे उदाहरण पीक विम्याचे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि बाकीचा हप्ता शासनाने, अशी योजना आली. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रांना विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. पुढे लाखोंच्या घरात बोगस अर्ज उघडकीस आले; दुसऱ्याच्या, सरकारी किंवा पडीक जमिनीवर विमे उतरवलेले आढळले. काही केंद्रचालकांवर कारवाई झाली आणि २०२५ च्या खरिपात एक रुपयाची योजना बंद झाली. या प्रकरणातून वृत्तपत्रांनी ‘दलाल वाईट’ असा धडा काढला. आम्ही निराळा धडा काढतो. कारवाई होऊ शकली ती अर्ज कोणत्या केंद्रातून आला याची नोंद होती म्हणून. तेथे एक अस्फुट ‘बिकलम’ शिल्लक होते. परंतु ते दलालीचा हिशेब ठेवण्यासाठी होते, जबाबदारीसाठी नव्हते, आणि शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर तर मुळीच नव्हते. चालकाने केंद्राच्या खात्याऐवजी शेतकऱ्याच्याच नावाचे नागरिक-खाते उघडून काम केले की तेवढाही माग उरत नाही.

तिसरे उदाहरण आम्हांला सर्वांत अधिक बोचते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये आली, दरमहा १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत स्त्रीच्या स्वतःच्या ओटीपीबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांना पती नाही आणि वडीलही नाहीत त्यांची अडचण ध्यानात आल्यावर मुदत वाढवून सवलत द्यावी लागली. कुटुंबाचे उत्पन्न तपासणे हा हेतू होता असे सांगण्यात आले, असेल. परंतु टाकून दिलेल्या बाईने नवऱ्याकडे सहा आकडे मागायला जायचे, याचा अर्थ काय होतो? येथे शासनाने स्वतःच एक मध्यस्थ नेमला आणि त्याला नकाराधिकार दिला. सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान याच जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकातील त्या स्त्रीची स्वतःच्या नावाची मुद्रा होती. एकविसाव्या शतकात त्याच तालुक्यातील स्त्रीच्या मुद्रेला पुरुषाच्या फोनचा टेकू लागावा, आणि त्या व्यवस्थेला ‘सुरक्षित’ म्हणावे, हे शब्दाचे विडंबन आहे.

यावर सुशिक्षितांचे ठरलेले उत्तर असते: लोकांना डिजिटल साक्षर करा, मध्यस्थ आपोआप नाहीसा होईल. हे उत्तर देणाऱ्या प्राध्यापकाला आम्ही विचारतो, आपण बँकेचे संकेतस्थळ उघडता तेव्हा पत्त्यापाशी दिसणारे कुलूप कोणाच्या भरवशावर खरे मानता? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दाखवून दिले की दोन अनोळखी माणसे उघड्या वाटेवर बोलूनही आपसांत गुपित ठरवू शकतात. गणित अप्रतिम आहे. परंतु समोरचा अनोळखी तोच आहे की मधे बसलेला तोतया, हे ते गणित सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी ओळख पटवावी लागते. म्हणून प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. आपला ब्राउझर अशा अनेक संस्थांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि त्यांपैकी एकही आपण निवडलेली नसते. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत कोणी शिरले, गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले, ते इराणमधील लोकांची पत्रे वाचण्यासाठी वापरले गेले, आणि त्याच वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले. आपल्याकडे जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागातून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. ती रद्द झाली आणि गूगलने आपल्या ब्राउझरात भारतीय प्रमाणपत्रांवरील विश्वास ठरावीक भारतीय संकेतस्थळांपुरताच मर्यादित केला.

तेव्हा पुण्याचा प्राध्यापक आणि संग्रामपूरचा शेतकरी यांच्यात फरक मध्यस्थ असण्या-नसण्याचा नाही. दोघांचेही कुलूप तिसऱ्याच्या शब्दावर चालते. फरक एवढाच की प्राध्यापकाच्या मध्यस्थाचे नाव प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. ते कोणी सहसा वाचत नाही. पण ते तेथे असते म्हणूनच डिजिनोटारचा अपराध त्याच्या माथी मारता आला आणि त्याच्यावरचा विश्वास काढून घेता आला. संगणकशास्त्राने आपल्या मध्यस्थाला ‘बिकलम’ लिहायला लावले आहे. गरिबाच्या मध्यस्थाला ते लावण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही.

पोस्टमनच्या भक्तांनाही येथे एक वार्ता देणे भाग आहे. पोस्टमन विश्वासू होता तो केवळ स्वभावाने नव्हे. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्र फोडणाऱ्या किंवा दडवणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला शिक्षा होती. त्याच कायद्याने सरकारला पत्रे अडवण्याचा अधिकारही दिला होता, हे विसरता कामा नये. पण नोकराला वेसण होती. जून २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या टपाल कायद्याने सरकारचा अधिकार कायम ठेवला आणि पत्र फोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या शिक्षेची कलमे वगळली. या बदलावर मराठी साहित्यिकांपैकी कोणी चार ओळी खरडल्याचे आमच्या वाचनात नाही. पत्रवाङ्मयावर चर्चासत्रे मात्र उदंड होतात.

आमची मागणी काय, असे कोणी विचारील. दुसऱ्याच्या हाताने होणारा प्रत्येक व्यवहार ‘दुसऱ्याच्या हाताने’ असाच नोंदला जावा. अर्जाच्या पडद्यावर ‘मी स्वतः’ आणि ‘माझ्यासाठी अमक्याने’ असे दोन पर्याय असावेत, आणि दुसरा निवडल्यास त्या माणसाचे नाव शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावतीवर मराठीत छापलेले असावे. अशा व्यवहारात केवळ ओटीपी दिला म्हणून संमती होती असे गृहीत धरले जाऊ नये. काय लिहिले आणि ते कसे समजावून सांगितले, हे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असावा. जो मध्यस्थ नेमता येतो तो काढूनही टाकता यावा. आणि मध्यस्थाचा मोबदला अर्जांच्या संख्येवर नसावा. अर्जामागे ४० रुपये दिले की अर्ज पिकतात, हे आपण पाहिले आहे.

दोन आक्षेप आम्हांला गंभीर वाटतात. पहिला असा की नाव लिहावे लागले तर मदत करणारे हात आखडतील. पुतण्या म्हणेल, काकू, मला या भानगडीत नको. भीती खरी आहे. म्हणून पैसे घेऊन लिहिणारा आणि नात्याने लिहिणारा यांत कायद्याने भेद करावा. दुसऱ्याचे नाव नोंदावे, दायित्व पहिल्यावर टाकावे. शिवाय नाव हे प्रामाणिक माणसाचे कवच असते. आज एका चालकाने फसवले की तालुक्यातल्या साऱ्या चालकांकडे बोट दाखवले जाते, कारण कोणी काय लिहिले हे दाखवणारा कागदच नाही. दुसरा आक्षेप असा की कोण कोणासाठी लिहितो याची यादी सरकारच्या हाती गेली तर ती पाळतीचे नवे साधन होईल. हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. म्हणूनच नोंद अर्जदाराच्या कागदावर हवी, मध्यवर्ती कोठारात नको. जुने खतही ज्याचे त्याच्या पेटीत असे.

राहिला आम्हा वाङ्मयाच्या लोकांचा संबंध. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे पेशाने वकील होते. त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शीळ’ (१९५४). शीळ म्हणजे मध्यस्थाविना जाणारा संदेश, असे आपण हौसेने म्हणू. पण त्यांचे शिळेचे गीत संग्रह निघण्याच्या पुष्कळ आधी घरोघरी पोहोचले ते जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. कवी कोण आणि गायक कोण हे रसिकांना ठाऊक होते, आणि कोणी दुसऱ्याला गिळले नाही. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर यावे यासाठी आपण आजही भांडतो, कारण दुसऱ्याचे शब्द पोहोचवणारा हात अदृश्य राहिला तर मूळ लेखकावरही अन्याय होतो, हे आपल्याला कळते. साहित्यात जे कळते ते बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात का कळू नये?

मोडीचे वर्ग आता अनेक ठिकाणी चालतात आणि विद्यार्थी हौसेने जुनी खते वाचतात. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की एके दिवशी जुने खत आणि सेवा केंद्रातली पावती शेजारी शेजारी ठेवून वाचावी. नांगर काढणाऱ्या निरक्षर कुणब्याच्या कागदावर लिहिणाराचे नाव सापडेल. पावतीवर सापडणार नाही. दोन्ही कागदांच्या मधे गेलेल्या काळाला प्रगती म्हणायचे की आणखी काही, ते त्यांनीच ठरवावे.